दिवसभर दुकानात हजर

लाडक्या मर्सीला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी बरी आहे, दोन वेळा जेवते. अक्षर नातीचं आहे, खोड्या माझ्या. तुझा खोकला थांबला का?

तुझे भावजी वारले त्याला हिवाळा उलटला. पण इथला छापखानेवाला, बंद करा म्हणेपर्यंत वर्तमानपत्रात त्यांच्या दुकानाची जाहिरात छापतच राहतो. दर शुक्रवारी नात मला वाचून दाखवते, "उत्तम टोप्या. इलायजा टटल दिवसभर दुकानात हजर."

काल तो स्वतः आला. "काकू, आता काढू का?"

"राहू दे. जन्मभर गळ घेऊन नदीवर पळायचे. आता कुठे दुकानात बसायला लागलेत."

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"सांगेन, नदीवर गेलेत. आजवर तेच सांगत आलेय."

जपून राहा.

तुझी कीझाया