सुरमई पहिल्या नळीत

सर, इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हाच लिहायला हवं होतं, पण नववी नापास माणसाचं शुद्धलेखन तुम्ही तांबड्या शाईने सुधाराल ही भीती अजून जात नाही.

माझी नात आता तुमचंच काम करते. पाकिटावर लिहिलेला मासा आत खरोखर आहे का, ते तपासते. काल दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढताना मी विचारलं, "रंगावरून कळतं का गं?" ती हसली, "आजोबा, रंग कौन देखता है अब! डीएनए बघतो. तुमच्या वेळी चुका होत असतील ना?" मी पटकन म्हणून गेलो, "आमचे सर एकदा चुकले होते." आज ती नव्या मुलांना शिकवताना तुमचं नाव घेऊन हीच गोष्ट सांगणार आहे.

तो दिवस समोर दिसतो; प्रयोगशाळेत मी तुमच्या हाताखाली मदतनीस. एका दुकानदाराची गोठवलेली सुरमई तपासायला आली आहे. ताटलीत ताडून बघायला ठेवलेले दोन वेगळ्या माशांचे तुकडे, एक फिकट, एक राखी. तुम्ही हातमोजे चढवत, मासे न खाणाऱ्या मला म्हणता, "भटजी, सुरमई पहिल्या नळीत. पाकिटातला तुकडा दुसऱ्या." आमच्या काशीच्या घरात सुरमई म्हणजे काजळाचा रंग; आईचं सुरमई लुगडं होतं. मी राखी तुकडा घातला. दोन्ही नळ्यांतल्या प्रथिनांच्या पट्ट्या जुळल्या नाहीत आणि खोट्या मालाचा ठपका दुकानदारावर बसला. तो रडत आला, तेव्हा तुम्ही सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा तपासलंत आणि साहेबांसमोर म्हणालात, "चूक माझी." काय चुकलं ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. पुढच्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मी आमटीभात जेवत होतो. वहिनी म्हणाल्या, "ही बघा सुरमई. खात नाही, पण बघा तरी." मी म्हटलं, "ही तर पांढरी!" वहिनींना हसू आवरेना. "अहो, ते माशाचं नाव, रंगाचं नाही!" मला तो राखी तुकडा आठवला आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. तुम्ही समोर काटे काढत होता. मान वर न करता म्हणालात, "भटजींना भात वाढ."

सर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? नात दहाला निघते. खरं सांगायला सकाळपासून दोनदा तिच्या दाराशी गेलो आणि "चहा घेतेस का?" एवढंच विचारून परतलो. हे पत्र पोचायचं नाही, समजतं मला. तरी काहीतरी कळवा, लवकर.