मावशीची साडीचोळी

६ जानेवारी १९८४, शुक्रवार. भालकीच्या अलीकडं

आज मी मोटारसायकलवर निघालो. एवढं लिहून परत एकदा वाचलं, बरं वाटलं. डायरी गेल्या सालची, खताच्या दुकानदारानं दिलेली. वार जुळत न्हाईत म्हणून खोडून लिहायलोय.

गाडी श्रीमंतची. श्रीमंत म्हणजे श्रीपतराव पाटलाचा मधला पोरगा, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. तो मॅट्रिक झाला, मी दोनदा गणितात गेलो, तरी त्यानं ओळख सोडली न्हाई. परवा येळवशीला, म्हणजे वेळ अवसेच्या सणाला, त्यानं मला शेतात जेवायला बोलावलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या पंगतीत कुणी कधी बसवलं नव्हतं. मी बसलो. भज्जी अन् आंबील पोटभर हाणली. तिथंच त्यानं विषय काढला. त्याच्या मावशीला करजगीला ही राजदूत पोचवायची हाय, अन् माझी बहीण सरूपण करजगीलाच दिलीया. सरूला आठवा महिना लागलाय. तिची भेट व्हईल, माझं फिरणं व्हईल. लायसन न्हाई तर मोठ्या रोडनं जाऊ नको म्हणाला, आडरस्त्यानं जा, घाई करू नको, दर मुक्काम नव्या गावात कर. मला आणि काय पाहिजे? गुलबर्ग्याच्या दालमिलमध्ये मी तीन आठवडे टिकलो, जहीराबादच्या हॉटेलात नऊ दिवस. रस्त्यावर मात्र मी कितीबी दिवस टिकतो.

सकाळी श्रीमंतची आई नागूबाई स्वतः खाली उतरून आली. तिच्या ओट्याची पायरी मी जन्मात चढलो न्हाई. तिनं चाकांना हळदकुंकू लावलं, हँडलला कडुलिंबाचा डहाळा बांधला. गाडी जुनीच, पण म्हणलं असू दे. मग हिरव्या खणात बांधलेलं एक गाठोडं कॅरिअरवर घट्ट आवळलं. बहिणीची साडीचोळी हाय, वाटेत उतरवू नको, सोडू नको, एवढंच बोलली.

गल्लीतून निघालो तर सगळी दारं लावलेली. वेशीपाशी माणसं होती. मी हात केला, त्यांनी पाठ फिरवली. माझा बाप, आबा, तोपण पाठ करूनच उभा. मी निघालो की आबाला राग येतो, ते काय नवं न्हाई. आणि गावाचं चित्तच ठिकाणावर न्हाई सध्या. महिना झाला हगवण-उलटीची साथ हाय. सात माणसं गेली, त्यात आमच्या वस्तीतली दोन. डॉक्टरनं विहिरीत पावडर टाकली, सुया टोचल्या, तरी थांबेना. अशा गावातून सुटलो.

मांजरा नदी ओलांडली तेव्हा ऊन कोवळं होतं. दोन्हीकडं तूर कापणीला आलेली, मधी करडईचा पिवळा पट्टा. शीळ घालत आलो.

७ जानेवारी, शनिवार

आज बारा कोसाला अख्खा दिवस लावला. एके ठिकाणी विहिरीला सुरुंग लावायले होते, ते बघत दोन तास बसलो. एके ठिकाणी हुरडा मिळाला. रस्ता तांबड्या मातीचा, मधीच काळी रानं, मधीच जांभा दगड उघडा पडलेला. असल्या रस्त्यावर गाडी आपोआप चालती.

एकच खोड हाय गाडीला. मागं बसणाऱ्याचं पायदान मी दुमडून ठेवतो, थोड्या वेळानं बघावं तर उघडलेलं. स्प्रिंग सैल असणार. मागची बाजू पण दबल्यागत वाटती. साडीचोळी केवढी, तिचं वजन केवढं? चाकात हवा भरून घेतली.

मुक्काम एका छोट्या गावात, बसम्मा नावाच्या म्हातारीच्या पडवीत. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलती. मुलगा हावगेप्पा शेतातून आला, त्यानं मला बिडी दिली. बसम्मानं दोन ताटं वाढली. एक माझं. दुसरं कुणाचं विचारलं तर म्हणाली, त्या अक्काचं. कुठली अक्का? तुझ्यामागून उतरली ती, केस मोकळे सोडलेली, अनवाणी. बाईमाणसाला असं उन्हात फिरवतात का. हावगेप्पा हसला, म्हणाला, अव्वाला दिसत न्हाई नीट. मीपण हसलो. ताट तसंच झाकून ठेवलं तिनं.

८ जानेवारी, रविवार. बसवकल्याणच्या पुढं

मफलर बसम्माच्या पडवीत विसरला. सरूनं विणलेला. परत जावं म्हणून गाडी वळवली तर बंद पडली. किका मारून पाय दुखला. पुढं तोंड केलं की अर्ध्या किकेत चालू. मागं वळवली की बंद. तीन वेळा केलं. शेवटी ढकलत फाट्यावरच्या मेकॅनिककडं नेली. चाचानं प्लग काढला, कार्बोरेटर उघडला, सगळं ठीक हाय म्हणाला. “भाई, तेरी गाडीकू मायका पसंद नई दिखता,” एवढं बोलून चहा पाजला.

गाडी त्याच्याकडंच ठेवली. उद्या टेम्पोनं जाऊन मफलर आणतो.

९ जानेवारी, सोमवार

गेलो. जायला नको होतं.

गावात शिरताच दारोदारी कडुलिंब दिसला. बसम्मा काल दुपारीच गेली. सकाळी पोट बिघडलं, दुपारी संपली. तिची सून आडवी पडलीया, शेजारची दोघंपण. एका रात्रीत. हावगेप्पानं मला लांबून बघितलं अन् हातात दगड घेतला. मारला न्हाई. मफलर काठीनं उचलून माझ्याकडं फेकला.

“अण्णा, तू जा. पण तिला इथं सोडून जाऊ नको. घेऊन जा.”

मी म्हणलं, बाबा, माझ्याबरोबर कोणी न्हाई. त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. माझ्या डाव्या खांद्यामागं बघत होता.

साथ पाण्यानं येती. डॉक्टर असं म्हणतात, शाळेत पण असंच शिकवलं. माझ्या गावचं पाणी या गावात कसं येईल?

१० जानेवारी, मंगळवार. आळंदजवळ

आज एका वस्तीवर निळा झेंडा दिसला म्हणून थांबलो. आपली माणसं. रामराव नावाचे म्हातारे, सत्तरी ओलांडलेले, विहाराच्या पायरीवर बसलेले. कुठून आलास, कुणाचा, असं विचारलं. नरसिंगचा भीमराज म्हणलं. तेवढ्यात त्यांचं ध्यान कॅरिअरकडं गेलं. उठले, जवळ आले, गाठीला हात न लावता बघितलं. कुणी बांधलं, विचारलं. पाटलीणबाईनं, मावशीची साडीचोळी. ते म्हणाले, सोड.

आतमध्ये वीतभर लांबीचा लाकडी गाडा निघाला. दोन चाकं, जू, सगळं कोरलेलं. गाड्यात मातीची बाई, हिरव्या बांगड्यांचे तुकडे, सुकलेला दहीभात. मरीआईचा गाडा. आणि जुवाला एक चिंधी बांधलेली. निळ्या रेघांची.

माझ्या शर्टाची. तो शर्ट घरी पेटीत होता. पेटीची किल्ली आबाच्या करगोट्याला असती.

रामरावांनी सगळं शांतपणे सांगितलं. पूर्वी पटकी आली की गावं असा गाडा करायची अन् शिवेबाहेर काढून द्यायची. पुढच्या गावानं त्याच्या पुढं ढकलायचा. ओढायला माणूस आपल्यातलाच. त्यानं मागं बघायचं न्हाई, गावानं त्याच्याकडं बघायचं न्हाई. रामरावांनी स्वतः तरणेपणी दोनदा ओढला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांनी मिळून ते काम टाकलं, गाडे फोडून चुलीत घातले. तेव्हापासून कुणी जुवाला हात लावला न्हाई.

“तुला जुंपलंय, लेकरा. मोटारीचं नुसतं नाव.”

मग विचारलं, कुठं पोचवायचं सांगितलंय? करजगी म्हणलं. तिथं तुझं रक्ताचं कोण हाय? बहीण हाय म्हणलं. तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं. जुने लोक म्हणायचे, ओढणाऱ्याच्या रक्ताच्या माणसानं मरीआईला हाताला धरून घरात घेतलं की ती तिथंच राहती, ज्या गावातून निघाली तिथं परत जात न्हाई. म्हणून असा माणूस शोधायचे, ज्याची बहीण लांब दिलीया.

मी म्हणलं, आपण हे मानत न्हाई. न्हाईच मानत, म्हणाले. ताठ बसून म्हणाले. आणि लगेच म्हणाले की ऊन हाय तोवर निघ, वस्तीत बारकी लेकरं हायत. डोळे पुसत होते. भाकरी बांधून दिली ती जमिनीवर ठेवली, हातात दिली न्हाई.

गाठोडं परत बांधलं, ते माझ्याच हातांनी.

११ जानेवारी, बुधवार

श्रीमंतनं पंगतीत माझ्या ताटात स्वतः वाढलं होतं. तेच आठवायलंय. दुसऱ्यांदा आंबील ओतताना हसला होता. त्याला ठाऊक होतं. आबालाबी. वस्तीतली दोन माणसं गेली, गाव म्हणालं असणार, तुम्ही काम सोडलं म्हणून हे. पाणी बंद केलं असणार. आबानं हिशोब घातला असणार की घरात न टिकणारं पोरगं कोणतं.

एकदा विचारायचं होतं मला. मी न्हाई म्हणालो असतो. पण विचारायचं होतं.

करजगीला जायचं न्हाई. ठरलं.

गाडी गाठोड्यासकट एका कोरड्या नाल्यात सोडली. चालत गुलबर्ग्याकडं निघालो, तिथून मद्रासची नायतर मुंबईची, मिळेल ती रेल्वे. रस्ता मला चुकायची सवयच हाय. पण आज चारदा वळलो अन् चारदा मैलाच्या दगडावर अफजलपूर, करजगीच्या वाटेवरचं. विचारून विचारून चाललो तरी अफजलपूर.

खांदे दुखायले. नदीवर शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांवर काळे वळ, बैलाला जुवाचे पडतात तसे. मागं बघितलं. धुळीत माझी पावलं, अन् पावलांच्या दोन्ही बाजूंनी बारीक रेघ. चाकाची. वीतभर अंतरानं, मी निघालो तिथपासून.

१२ जानेवारी

पोट बिघडलं. तीनदा. पाणी टिकत न्हाई.

भीमेच्या काठाला मेंढरं राखणारे एक अप्पा भेटले. लांबूनच म्हणाले, तू सरूबाईचा भाऊ का? मी न्हाई म्हणलं. ते म्हणाले, कामून खोटं बोलायलास, तिच्यासारखाच दिसतोस. ती दोन दिवस शिवेवर येऊन वाट बघायलीया. कार्ड आलंय तिला. अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलंय.

काय लिहिलंय, विचारलं.

भाऊ येतोय. सोबत पावणी बाई हाय. हाताला धरून घरात घे, ओटी भर, उपाशी ठेवू नको. आबाच्या नावानं.

आबाला लिहायला येत न्हाई. अक्षर श्रीमंतचं असणार. पण अप्पा म्हणाले, सुरुवातीला ‘माझे चिमणे’ लिहिलंय. ते आबाच म्हणतो. फक्त आबा. म्हणजे बसून सांगितलं त्यानं. शब्दाला शब्द.

इथंच थांबतो. या बाभळीखाली. मी शीव ओलांडली न्हाई तर—

१३, शुक्रवार असावा

उठवत न्हाई. रात्री सरपटत कोण आलं? मी? बाभूळ मागं राहिलीया. शिवेचा दगड माझ्या उशाला.

मागं बघत न्हाई.

बांगड्या वाजतात.

तीच तारीख

सरू यायलीया. लांबून ओळखू येती, पोट धरून चालती. डोक्यावर घागर. एकटीच.

आवाज निघत न्हाई. घसा वाळलाय. सरूला वाचता येतं, चौथी झालीया. मोठ्या अक्षरात लिहितो, वही वर धरतो.

सरू येऊ नको. मागं फिर. माझ्याबरोबर कुणी न्हाई.

धरली वर. ती थांबली. थांबली बघ. वाचायलीया.

वाचत न्हाई. वहीकडं बघतच न्हाई. माझ्या डाव्या खांद्यामागं बघून हसायलीया, पदर सावरायलीया, पाहुणीला म्हणायलीया, या अक्का, दमला असाल, एवढ्या लांबून—

सरू मी हाय इथं खाली माझ्याकडं बघ

घागर खाली ठेवली. हात पुढं केलाय तिनं. मी तिचा पाय धरलाय, सोडत न्हाई, एका हातानं लिहायलोय सरू तो हात धरू नको त्या हाताला