परीक्षेआधीच संपलेले मकरूत

गेल्मा, ३ मे

चि. वसीलास,
आजोबांचे भरभरून आशीर्वाद.

इथे सगळे खुशाल. प्रबंधाची तोंडी परीक्षा जूनमध्ये बघू, असं तुझे सर म्हणाले एवढं कानावर पडायचा अवकाश, तुझ्या वरीदा मावशीनं जून पक्काच धरला! खजूर भरलेल्या गोड मकरूत-वड्यांचे डबे पार माळ्याला टेकलेत. कॉन्स्टंटाइनला यायला अख्ख्या आळीनं बस ठरवलीय. पुढच्या रांगेत कोण बसणार, यावरून दोन शेजारणींचा अबोला आहे. मी वरीदाला म्हटलं, अगं, पोरीची परीक्षा आहे की लग्न? तर म्हणते, लग्न काय, पुन्हाही होतं!

खांबावरच्या घरट्यात करकोच्यांची पिल्लं निघालीत. माझी नात त्यांच्यावर प्रबंध लिहितेय, या विचारानं मला एखाद्या जुन्या कवितेत राहायला गेल्यासारखं वाटतं. किती झालं लिहून?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तय्यब आजोबा

*

कॉन्स्टंटाइन, १० मे

ती. आजोबांस,
वसीलाचा सलाम, वि. वि.

फोनवर रडू फुटतं, म्हणून पत्र. आईला सांगू नका. प्रबंध पुढं सरकतच नाहीये. सकाळी कॉम्प्युटर उघडते, दिवसभर तेच पान बघते, संध्याकाळी मिटते. जेवण म्हणजे कॉफी आणि पाव. केस मूठमूठ गळतायत. खोलीतली मैत्रीण म्हणते, तुझ्यापेक्षा तो मुका करकोचा बोलका! मला तर आता करकोच्यांचा रागच येतो.

डोळे मिटले की ती बस दिसते आणि तिच्यातून उतरणारा एकेक डबा. सगळं सोडून द्यावंसं वाटतंय, आजोबा. पण त्या मकरूतांना काय तोंड दाखवू?

तुमच्या मायेवर तग धरून असलेली,
वसीला

*

गेल्मा, १६ मे

चि. वसीलास,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

मकरूतांना तोंड दाखवायची गरज उरली नाही. काल आळीला बोलावलं आणि सगळे डबे उघडले. कारण विचारलं तर म्हटलं, म्हाताऱ्याला हुक्की आली. वरीदा तणतणली, डोकं फिरलंय का तुमचं, परीक्षेला लोकांना काय वाढू, तुमच्या कविता? मग तिनंच चहा ठेवला आणि सगळ्यांत जास्त खाल्ले तेही तिनंच. बसही रद्द केलीय.

शाळेत शिकवत होतो त्या दिवसांत कवितेच्या तासाला पोरं खिडकीबाहेर बघत, तेव्हा मी कधी हटकलं नाही. मनानं परत आली, की कविता त्यांना जास्त कळायची. तूही घरी ये. झोप. प्रबंध लिहिलास तर उत्तम, नाही लिहिलास तरी नात माझीच.

तुझी उशी उन्हात टाकून बसलेला,
तय्यब आजोबा

*

कॉन्स्टंटाइन, २८ सप्टेंबर

ती. आजोबांस,
वसीलाचा हसरा सलाम, वि. वि.

घरी आले त्या सुट्टीत आठवडाभर नुसती झोपले. मग गच्चीवरून पिल्लांची उडायची धडपड बघताना चार ओळी लिहाव्याशा वाटल्या, आणि त्यांच्या मागोमाग राहिलेला प्रबंध आला.

परवा तोंडी परीक्षा आटोपताच तुम्ही शेवटची बस गाठायला धावलात, म्हणून पुढची गंमत राहिली. एकटेच या, हात हलवत या, असं मीच बजावलं होतं. त्यामुळे सरांनी निकाल वाचला, तेव्हा आपल्याकडं बायका देतात ती आनंदाची किलकारी द्यायला घरची एकही बाई नव्हती. आणि तुम्ही उठून, तोंडापुढे हात धरून, जीभ हलवत, बायकांसारखी ती किलकारी दिलीत! तीही फाटक्या आवाजात! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तुम्ही गेल्यावर, मला तासभर आकड्यांवरून पिळणाऱ्या त्या करड्या परीक्षकबाई जवळ आल्या. म्हणाल्या, तुझ्या आजोबांना अजिबात जमली नाही. मग दार लावून घेतलं, पदर नीट केल्यासारखी ओढणी सावरली आणि अशी खणखणीत किलकारी दिली, की बाहेरचा शिपाई धावत आला.

लोभ आहेच, तो असाच आवाज फाटेपर्यंत असू द्या.

तुमचीच,
वसीला