शहराच्या हाताखाली

हिंगणघाट,
१४ जुलै १९८४

गं. भा. देवका हिस,

अनेक आशीर्वाद. अल्लीपूरहून पाठवलेले तुझे पत्र पोचले. तुझ्या आईचे गुडघे धरले आहेत, एरंडेल लावून शेकावे. इकडे पाऊस बरा आहे. स्वयंपाक मीच करते. भात मऊ होतो.

तू विचारतेस, "बाई, तुम्ही घोकून घेतलं तसंच सांगतलं म्या, मंग ते लोक हासले काऊन?" वर्ध्याच्या कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीत चूक तुझी नव्हती. चीनची तीन मोठी शहरे थेट केंद्राखाली, त्यांच्या महापौराचा दर्जा प्रांतप्रमुखाचा, हे तू बरोबर सांगितलेस. पुढचे चुकले. बाकीची शहरे वेगळी, भोवतालचे तालुके वेगळे, तालुक्यांवर विभागाचे कार्यालय, असे मी तुला शिकवले होते. कणीक मळता मळता तू म्हणाली होतीस, "म्हंजे चीनमंदी हिंगणघाटचा साहेब अल्लीपूरवर हुकूम नाई चालवत. बरं हाय!"

ती जुनी व्यवस्था. गेल्या दीड-दोन वर्षांत तिथे ठिकठिकाणी विभाग मोडून तालुके शहरांच्या हाताखाली दिले. त्यावरचा लेख नागपूरच्या मैत्रिणीने मला जानेवारीतच पाठवला होता. मी तो दोनदा वाचला आणि लोणच्याच्या बरणीवर, फडक्याच्या आत, बांधून टाकला. बरणी रोज तूच उघडत होतीस.

विसरले, असे लिहिणार होते. पण मी विसरत नाही. गेल्या वर्षी तुझा एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशी माझ्या हातावर पेढा ठेवून तू म्हणालीस, "बाई, आता मी तुमच्या एक पायरी वर हो!" थट्टा होती. मी हसलेही.

माझ्या भावाला, वासुदेवला, शिकवायचे म्हणून मी बी.ए.वर थांबले. तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोला, तुला, मी शिकवले. आणि तू वर्ध्याला खोली पाहू लागलीस.

आणखी एक. प्राचार्यांचे पत्र पाच तारखेला इथे आले. पत्ता तू इथलाच दिला होतास. 'उमेदवार हुशार आहे, नवी माहिती वाचून बारा तारखेला पुन्हा यावे,' असे त्यात आहे. आज चौदा. जागा भरली असेल. ते पत्र आणि तो लेख, दोन्ही सोबत पाठवते. लेखावर तेलाचे डाग आहेत, पण वाचता येतो. सावकाश वाच.

गावच्या शाळेसाठी शिफारसपत्र मागितलेस. ते मिळणार नाही. सोमवारी सकाळच्या बसने निघून ये. आईसाठी दोन दिवस जास्त लागणार असतील, तर आधी मला विचार.

अजूनही तुझ्या एक पायरी वर,
सुमित्रा