मैत्रिणीसाठीची गोळी

३ मार्च

प्रिय छबू,

आशीर्वाद घे, परतफेडीची घाई नाही. इकडे सगळं ठीक. तुझी आई गुडघ्यांना शेक देते आणि मला बोलणी. दुकानातला पंखा अजून कुरकुरतो; गिऱ्हाइकं म्हणतात, मालकापेक्षा कमीच बोलतो. जावईबापूंना नमस्कार. आठवा लागला ना तुला? लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. मळमळलं तर जेवणानंतर घे.

मागच्या पत्रांना तुझं उत्तर नाही. उत्तर द्यावं असं मी त्यात काही लिहिलंही नव्हतं म्हणा.

परवा केमिस्ट संघटनेची बैठक होती. चहाच्या वेळी स्टँडजवळच्या दुकानवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "आता सगळं मार्गी लागलं म्हणून सांगतो. लग्नाआधी तुमची पोर आमच्याकडे आली होती, त्या बहात्तर तासांतल्या गोळीसाठी. म्हणे, कालच चूक झाली. मी म्हटलं, माल संपलाय. बाकीच्या दुकानांनाही फोन करून ठेवला. तुमची अब्रू आपल्या लोकांनी नाही राखायची तर कुणी?"

तुझ्या लग्नात सगळ्यात मोठा आहेर त्यांचाच होता.

मी मान हलवली. चहा संपवला. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावत बसलो, ती घराच्या कुलपाची होती.

तुला दिवस गेल्याचं कळल्यावर घाईनं लग्न ठरवताना मी तुला विचारलं होतं, "केमिस्टची पोर तू, तुला एवढंही कळलं नाही?" तू फरशीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, उत्तर नाही. तुला सगळं कळत होतं, छबू. वेळेत निघालीस, दुकानं पालथी घातलीस. आपल्याकडे त्या गोळ्या माझ्या खुर्चीमागच्या फळीवर, आणि खुर्ची मी जेवायलाही सोडत नाही. तुझं शेवटचं वर्ष राहिलं. प्रयोगशाळेतली ती नोकरी दुसऱ्या कुणाला लागली.

काल त्याच स्टँडवाल्यांची थोरली लेक आली. दुकान रिकामं होईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभी. मग म्हणाली, "काका, मैत्रिणीसाठी एक गोळी हवीये." कुठली, ते विचारावं लागलं नाही. "पण ती आयुष्यात एकदाच घ्यायची असते ना? नंतर मूल होत नाही म्हणतात."

"मैत्रिणीला सांग, तसं काही नसतं. उशीर तेवढा करू नको म्हणावं. आणि पाळी लांबलीच तर तपासून घे."

तिनं पाणी मागितलं आणि मैत्रिणीची गोळी तिथंच, उभ्याउभ्या गिळली.

"काका, बाबांना…"

"कुठले बाबा?" मी म्हटलं. तेव्हा कुठे हसली बिचारी.

एवढंच होतं गं ते. पेलाभर पाणी आणि दोन वाक्यं. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाइकं हाका मारून गेली. मला खुर्चीतून उठवेना.

आता तुला द्यायला माझ्याकडे लोहाच्या गोळ्याच उरल्यात. सोबत पाठवल्यात.

भरल्या दुकानातला,
तुझा बाबा