डबीतला कापूस

हट्टा,
१८ ऑगस्ट

ती. गंगूताईस नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी लिहिते. पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

एचआयव्हीची औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर हाडांचं काय होतं, ते मी इथे तपासते आहे. गेल्या सोमवारी नीलाबाई नावाच्या पेशंटचं रक्त घेताना तीच सुई माझ्या बोटात गेली. दोन तासांत औषध सुरू केलं. अठ्ठावीस दिवस गोळ्या, मग तपासणी. धोका फार कमी आहे. जेवण जातं.

घरमालकीणबाईंना दिसू नये म्हणून गोळ्यांची डबी मी कपड्यांखाली ठेवली. सतरा वर्षं पेशंटांना सांगत आले, लपवू नका.

काल नीलाबाई माझी चौकशी करायला आल्या. हळूच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, डबीत कापूस घाला, मंग वाजत न्हाई. बारा वर्सं झाले, माह्या सासूला खबर न्हाई."

मी कापूस घातला. आज सकाळी तो काढला आणि डबी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. मालकीणबाईंनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी रोजच्यासारखा चहा दिला. कप वेगळा होता.

आईचे गुडघे कसे आहेत? दिवाळीला येते आहे. माझा निळा कप अजून आहे ना?

तुझी,
जाई