टूंच्या आधीची टक

४ मार्च

कॉम्प्युटर तडतडतोय! आणि तोही आज, बाहेरचं बाकडं माणसांनी गच्च भरलेलं असताना.

आधी तपासणीला आलेले एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले, "बाई, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं, ते कळलं. पण मधेच तेलात पाणी पडल्यासारखं तडतडतंय, त्यालाही दाबू का?" मला वाटलं, यांचेच कान वाजत असतील. हेडफोन स्वतः घालून बघितला. त्यांचे कान बिचारे शांत होते.

मूळ मशीन दुरुस्तीला गेल्यापासून कानांची तपासणी कॉम्प्युटरवरच चालली आहे. "तात्पुरतं," म्हणाले होते डॉक्टर. आमच्या दवाखान्यात तात्पुरतं म्हणजे कायमचं. शेवटी रीस्टार्टला फोन केला. आमचा कॉम्प्युटरवाला — काहीही बिघडलं तरी त्याचा पहिला मंत्र तोच, म्हणून हे नाव.

"मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघितलंत का?"

बघितलं. तडतड तशीच.

५ मार्च

हेडफोन बदलला. वायर बदलली. मागची पिन काढून, पुसून, परत घातली. फुंकर मारून झाली. तडतड जागची हलायला तयार नाही. सगळ्यांना परत पाठवावं लागलं आणि डॉक्टरांचं तोंड दिवसभर वाकडं.

संध्याकाळी ताईकडे गेले, तर राजे भिंतीकडे तोंड करून उभा. राजे म्हणजे ताईचा मुलगा, पाच वर्षांचा. हाक मारली तर मर्जी असेल तेव्हाच वळतो, म्हणून आम्ही राजे म्हणतो. भावोजींनी आतून हाका मारल्या होत्या, हा खेळत बसला. "दार आपटलं की बरोबर वळतो," भावोजी म्हणाले. "मी बोलावलं की बहिरा. आणि तूच सांगितलंस ना, कान ठणठणीत आहेत? मग हा नुसता माज आहे."

सांगितलं होतं मी. जानेवारीच्या शेवटी मीच तपासलं त्याला. प्रत्येक टूंला पठ्ठ्या ठोकळा डब्यात टाकत होता. एकही चुकला नाही. ताईला हसत हसत म्हणाले होते, "कान तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत. नाटकं आहेत सगळी."

त्याआधी भावोजी नुसते ओरडायचे. आज राजेच्या दंडावर बोटं उठलेली दिसली. ताईनं बाही खाली ओढली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

६ मार्च

रीस्टार्ट आला. टेबलाखाली शिरला, बराच वेळ नुसते पायच दिसत होते. कॉम्प्युटर, पंखा आणि पाण्याचा कूलर एकाच बोर्डावर! कूलर सुरू झाला की तडतड. "मॅडम, हा काय ब्रह्मघोटाळा करून ठेवलाय?" जणू मीच वायरी ओढत फिरते. कॉम्प्युटरला वेगळा बोर्ड दिला. माझा मोबाइलही टेबलावरून हद्दपार केला.

तडतड गेली. एकदाचा जीव भांड्यात पडला.

९ मार्च

नाही पडला.

आज दोन वेण्यांची एक मुलगी आली होती, राजेच्याच वयाची. हेडफोन घातला, ठोकळा गालाशी धरायला शिकवलं. टूं ऐकू आलं की ठोकळा डब्यात. छान टाकत होती. मग माझ्या लक्षात आलं, आवाज चुकून शून्यावर राहिलाय. शून्यावर! मी बटण दाबलं, आणि तिनं ठोकळा टाकला.

परत दाबलं. परत टाकला.

हेडफोन काढून तिला विचारलं, "काय ऐकू आलं गं?"

"टक झालं."

"टूं नाही?"

"कधी कधी टक झाल्यावर टूं पण होतं." माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढंही मला कळत नाही.

तिला परत बोलावलं आहे. मग हेडफोन मी घातला आणि बटण दाबत सुटले. टूं टूं टूं. स्वच्छ. टक कुठेच नाही. रीस्टार्टला फोन. "लहान मुलं काय वाट्टेल ते सांगतात हो." पण शून्यावरच्या आवाजाला ठोकळा कसा पडेल?

मला तो डबा डोळ्यांसमोरून जात नाहीये. राजेनं भरलेला.

१० मार्च

सापडली टक.

सकाळी हेडफोन कानाला लावूनच चहा प्यायला बसले. चहा संपला, बटण दाबलं — टक. मग टूं. लगेच परत दाबलं — नुसतं टूं. थांबले. कप धुऊन आले. दाबलं — टक!

रीस्टार्टला फोन लावून सगळं सांगितलं. म्हणाला, "हां, ते साउंड कार्ड झोपत असेल. थोडा वेळ आवाज नाही गेला की वीज वाचवायला ते झोपतं. उठताना टक करतं. सेटिंग असतं, बंद करून देतो."

"कधीपासून आहे हे?"

"नवीन सॉफ्टवेअर टाकलं ना मी, तेव्हापासून. जानेवारीच्या सुरुवातीला."

आणि राजेला मी तपासलं जानेवारीच्या शेवटी.

मोठ्यांची तपासणी मी भराभर उरकते. त्यात कार्डाला झोपायला सवडच नाही. मुलांची नाही उरकत. मुलं लबाड असतात, ताल पकडतात आणि न ऐकताच ठोकळा टाकतात. म्हणून दोन टूंच्या मध्ये मी मुद्दाम लांब थांबते, पेनाशी चाळा करते, खिडकीबाहेर बघते. शिकायला येणाऱ्या मुलींना हे मी छाती पुढे काढून सांगते — मुलांपाशी घाई करायची नाही! त्या थांबण्यातच कार्ड झोपत होतं. आणि प्रत्येक टूंच्या आधी मुलांना टक ऐकू येत होती. ठळक. दार आपटल्यासारखी.

जानेवारीपासून ज्या मुलांना मी "छान" म्हणून घरी पाठवलं, त्यांतली टूंला किती टाकत होती आणि टकेला किती, मला सांगता यायचं नाही.

११ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, परत पुसला. "सगळ्यांना परत बोलावलं तर दवाखान्याचं नाव खराब होईल. आधी एकाला तपासा. फरक पडला तर बघू."

"फरक नाही पडला तरी बोलावणार," मी म्हणाले. आवाज चढला माझा. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हणजे हो की नाही, देव जाणे.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तू म्हणालीस नाटकं आहेत, म्हणून मीसुद्धा परवा त्याला एक लगावली." एवढंच. फोन ठेवला नाही, रडलीही नाही. मग विचारलं, "उद्या किती वाजता आणू?"

त्याला ऐकू येत असू दे. भावोजी बरोबर ठरू देत, राजे लबाड निघू दे, मी उगाच घाबरले असं होऊ दे. आज दिवसभर हेच चाललंय डोक्यात. स्वतःच्या भाच्यानं लबाड असावं म्हणून कुणी देव पाण्यात ठेवले असतील का?

१२ मार्च

सेटिंग बंद. चहा पिऊन, कप धुऊन, दोनदा खात्री केली. टक नाही. नुसतं टूं, बारीक आणि स्वच्छ.

राजे मोठा हेडफोन घालून बसला. ठोकळा गालाशी, मी शिकवलं होतं तस्साच. ताई काचेपलीकडे. मी बटण दाबलं. थांबले. आवाज वाढवला, दाबलं. अजून वाढवला. ठोकळा गालाशीच. मान सरळ, डोळे डब्यावर, एकदम शहाण्या मुलासारखा.

मग त्यानं हेडफोन एका कानावरून बाजूला केला.

"मावशी, कधी सुरू करणार?"